चिनी सुलेखन कला कशामुळे ठरते, आणि तिचा निवाडा लेखनावरून होतो की लेखकावरून?

प्रश्न : अक्षरयात्री

गेले काही महिने मी चिनी सुलेखनाविषयी मिळेल ते वाचत आहे आणि त्यातील नामांकित नमुन्यांची मोठ्या आकारातील छायाचित्रे पाहत आहे. मला चिनी भाषा येत नाही. तरीही तांग राजवटीतील अधिकारी यान झेनचिंग यांनी इ.स. ७५८ मध्ये, बंडखोरांनी मारलेल्या आपल्या पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा मसुदा समोर आला, तेव्हा बराच वेळ माझी नजर त्यावरून हलेना. तो सुंदर आहे असे मात्र मला चटकन म्हणवत नाही. त्यात ठिकठिकाणी खाडाखोड आहे, ओळी सरळ राहिलेल्या नाहीत, आणि शाई कुठे दाट तर कुठे इतकी कोरडी आहे की कुंचल्याचे केस वेगवेगळे दिसावेत. आपण ज्याला मोत्यासारखे अक्षर म्हणतो, त्याच्याशी याचे कसलेही नाते दिसत नाही.

असे असूनही धावत्या लिपीतील लेखनात चौथ्या शतकातील सुलेखक वांग शीझी यांनी मित्रांच्या मेळाव्यात लिहिलेल्या लानटिंग प्रस्तावनेखालोखाल याच कागदाला मान दिला जातो. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाने २०१९ च्या आरंभी तो टोकियोतील प्रदर्शनासाठी दिला, तेव्हा चीनमधील असंख्य लोक संतापले होते. एका मसुद्याविषयी, तोही खोडलेल्या शब्दांनी भरलेला असताना, समाजाला इतकी आत्मीयता का वाटते?

माझे प्रश्न दोन आहेत. लिहिणे हे मुळात निरोप पोहोचवण्याचे साधन असताना चीनमध्ये ते चित्रकलेच्या तोडीची, किंबहुना तिच्याहून वरची कला कशामुळे ठरले? आणि यान झेनचिंग निष्ठावंत होते, पुढे ७८५ मध्ये दुसऱ्या एका बंडखोराच्या कैदेत असताना मारले गेले, हे सारे ठाऊक असल्यामुळेच तर त्यांचे अक्षर थोर वाटत नसेल ना? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : कोरडा कुंचला

मी नऊ वर्षे एका चिनी शिक्षिकेकडे हे लेखन शिकत आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाताच्या बाजूने देते. दुसऱ्यावर इतिहास जाणणाऱ्या कोणी लिहिले तर बरे होईल.

चिनी भाषेत ‘एक’ या अर्थाचे अक्षर म्हणजे एक आडवी रेघ. पहिले तीन महिने मी जवळजवळ तेवढेच लिहिले. कुंचला कागदाला काटकोनात धरायचा, मनगट टेबलावर टेकवायचे नाही. रेघ डावीकडून उजवीकडे जायची असते, पण सुरुवात किंचित उलट दिशेने करायची, म्हणजे कुंचल्याचे टोक रेघेच्या पोटात लपते. मग दाब द्यायचा, हात पुढे न्यायचा, मध्यावर कुंचला जरासा उचलायचा, शेवटी पुन्हा दाबून आल्या वाटेने थोडे मागे यायचे. सारे मिळून दोन-तीन श्वासांचे काम. परंतु आनहुई प्रांतातील जिंग तालुक्यात बनणारा श्वान कागद शाई इतक्या लगेच पितो, की हात क्षणभर अडखळला तरी तिथे काळा फुगवटा उमटतो, आणि हात घाईने गेला तर रेघेत पांढऱ्या चिरा राहतात. या चिरांना चिनीत ‘उडते पांढरे’ म्हणतात. जाणत्या हातातून त्या नेमक्या जागी येतात. माझ्या हातातून त्या कुठेही येत असत. फुगवटा झाकावा म्हणून वरून पुन्हा कुंचला फिरवला, तर दुसरा थर वाळल्यावर वेगळा दिसतो आणि चोरी उघडी पडते.

माझ्या समजुतीप्रमाणे कलेचा उगम इथेच आहे. तैलचित्रात चित्रकार चूक बुजवू शकतो, शिल्पकार महिनाभर थांबून पुन्हा छिन्नी हातात घेऊ शकतो. इथे गेलेला क्षण परत घेता येत नाही, आणि तो कागदावर पुसला न जाता राहतो. त्यातच चिनी अक्षरातील रेघांचा क्रम ठरलेला असतो. वरची आधी की खालची, डावी आधी की उजवी, हे लहानपणापासून लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असते. त्यामुळे वाचणाऱ्याची नजर लेखकाचा हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, त्याच क्रमाने चालत जाते. तेराशे वर्षांपूर्वीचा हात कुठे थबकला, कुठे त्याने वेग घेतला, शाई कधी संपत आली, हे तिला वाटेत कळत जाते. गायक तीच बंदिश गातो, पण प्रत्येक वेळी ती नव्याने उभी करतो. तसेच अक्षर सर्वांचे एक, पण ते लिहिण्याची घटना प्रत्येकाची वेगळी. लानटिंग प्रस्तावना २८ ओळींची, ३२४ अक्षरांची आहे. तिच्यात ‘झ’ हे साधे अव्यय वीस वेळा येते, आणि वीसही वेळा त्याची घडण निराळी आहे. ते रूपांचे प्रदर्शन मांडण्यासाठी केलेले नाही. शेजारचे अक्षर दाट आले की हे सैल झाले, वरचे झुकले की याने तोल सावरला.

आता यान झेनचिंग यांचा तो मसुदा या रीतीने पाहावा. एकूण २३ ओळी आहेत. पहिल्या ओळींत तारीख आणि लेखकाच्या पदव्या आहेत. औपचारिक मजकूर असल्यामुळे तिथे हात स्थिर आहे, अक्षरे सुटी आहेत. मग पुतण्याचे बालपण येते. पुढे मदत वेळेवर न आल्याने शहर कसे पडले हे येते, आणि ‘पिता अडकला, पुत्र मेला; घरटे कोसळले, अंडी फुटली’ या शब्दांपाशी पोहोचेपर्यंत कुंचला कोरडा पडत गेला तरी तो शाईत बुडवायला लेखक थांबत नाही. रेघा खरखरीत होतात. लिहिलेले वाक्य खोडून दुसरे लिहिले जाते, तेही खोडले जाते. पुतण्याचे केवळ शिर परत मिळाले होते. त्याचा उल्लेख करून लेख शेवटाकडे जातो, तोवर अक्षरे एकमेकांत गुंतून जवळजवळ शीघ्रलिपी, म्हणजे रेघा जोडत घाईने लिहायची लिपी, झालेली असते. हा मसुदा होता. पुढे त्याची सुवाच्य प्रत करायची होती, म्हणून लेखकाचे लक्ष अक्षराकडे नव्हतेच. पण त्या हाताने त्याआधी कित्येक वर्षे कित्ता गिरवला होता, आणि म्हणून लक्ष नसतानाही रेघ कुठे फसलेली नाही. माझ्यासारख्या शिकणाऱ्या व्यक्तीला त्या कागदापुढे सर्वांत अधिक थक्क करणारी गोष्ट हीच आहे.

‘सुंदर आहे असे म्हणवत नाही’ हे तुमचे निरीक्षण प्रामाणिक आहे. मोत्यासारखे अक्षर ही सफाईची कसोटी झाली. इथे विचारला जाणारा प्रश्न असा असतो, की रेघेला हाड आहे का, मांस आहे का, तिच्यातून रक्त वाहते आहे का. चिनी परीक्षक शतकानुशतके हेच शब्द वापरत आले आहेत.

उत्तर : जुनी पाने

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मी कुंचला धरलेला नाही, पण या विषयाचा इतिहास बरीच वर्षे वाचत आहे. त्या आधाराने दोन्ही प्रश्नांना जोडणारी एक गोष्ट सांगतो.

इ.स. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, हान राजवटीच्या अखेरीस, झाओ यी नावाच्या लेखकाने शीघ्रलिपीविरुद्ध एक निबंध लिहिला. त्याची तक्रार अशी होती, की ही लिपी मुळात घाईच्या कामासाठी निघाली, सोपी आणि जलद व्हावी म्हणून निघाली; पण आताची तरुण मंडळी झांग झी वगैरे नामवंतांचा कित्ता गिरवण्यात इतकी गुंतली आहेत, की ती उलट अवघड आणि संथ होऊन बसली आहे. तो लिहितो, की हे लोक दहा दिवसांत एक कुंचला झिजवतात, महिन्याला शाईच्या कित्येक वड्या संपवतात, त्यांच्या गळपट्ट्या आणि बाह्या काळ्या झालेल्या असतात, ओठ आणि दात सदा काळे असतात. चारचौघांत बसले तरी बोटाने जमिनीवर अक्षरे काढत राहतात, रक्त आले तरी थांबत नाहीत. आणि या लिपीवर ना गावात कोणाची बढती ठरते, ना दरबारात कोणाची परीक्षा होते.

त्याने हे निंदा म्हणून लिहिले. मला मात्र चिनी सुलेखन कला झाल्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची साक्ष याच निबंधात दिसते. ज्या लेखनातून नोकरी मिळत नाही, वेळ वाचत नाही, निरोपही अधिक स्पष्ट पोहोचत नाही, त्यासाठी माणसे बोटे फोडून घेत होती, याचा अर्थ त्यांना त्यात निराळे काही सापडले होते. त्याच निबंधात झाओ यी आणखी एक मर्माची गोष्ट बोलून जातो, की प्रत्येकाचे रक्त आणि प्राण वेगळे, स्नायू आणि हाडे वेगळी, म्हणून अक्षराचे रूप मन आणि हात यांवर अवलंबून असते आणि ते जबरीने आणता येत नाही. त्याला नक्कल करणाऱ्यांना नाउमेद करायचे होते. पण अक्षर हे त्या-त्या व्यक्तीचे असते, हा पुढच्या साऱ्या टीकेचा पाया त्याच्या वाक्यात आलेला आहे. त्याच्याही आधी विचारवंत यांग श्योंग याने ‘लेखन हे मनाचे चित्र आहे’ असे म्हटले होतेच.

इथून समाजाच्या निवाड्याची वाट फुटते. तांग काळात अधिकारी निवडताना देहयष्टी, बोलणे, अक्षर आणि निवाड्याची समज या चार गोष्टी पाहत. म्हणजे झाओ यीच्या काळी ज्याला बाजार नव्हता, ते अक्षर आता माणूस पारखण्याचे साधन झाले. त्याच काळातील सुलेखक ल्यू गोंगछ्वान याला सम्राट मूझोंगने कुंचला कसा चालवावा असे विचारले, तेव्हा ‘मन सरळ असेल तर कुंचला सरळ राहतो’ असे उत्तर त्याने दिले. हे उत्तर बेफिकीर सम्राटाला दिलेली कानउघाडणी होती, पण पुढच्या पिढ्यांनी ते शब्दशः घेतले आणि वाकड्या मनाचे अक्षर सरळ असूच शकत नाही असा उलटा सिद्धान्त त्यातून काढला. मराठीला ही कल्पना परकी वाटू नये. अक्षराचे वळण आणि मुलांना लावायचे वळण यांसाठी आपल्याकडे शब्द एकच आहे.

या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा तडाखा झाओ मंगफू याला बसला. हा १२५४ ते १३२२ या काळातील, सोंग राजघराण्यात जन्मलेला. पण सोंग राज्य बुडवणाऱ्या मंगोलांच्या दरबारात त्याने चाकरी पत्करली. त्याचे अक्षर इतके डौलदार, की चीनबाहेर कोरियापर्यंत त्याचे कित्ते गेले. सतराव्या शतकात मिंग राज्य बुडाल्यावर नव्या मांचू सत्तेची नोकरी नाकारणारा फू शान तरुणपणी थोरामोठ्यांचे कित्ते गिरवत असे, पण साम्य काही साधेना. मग त्याच्या हाती झाओ मंगफूचे लेखन आले, आणि थोड्याच सरावाने त्याची नक्कल अस्सलाशी मिळू लागली. याचा त्याला अभिमान वाटण्याऐवजी शरम वाटली. सज्जनांची संगत जमायला कठीण आणि लबाडांशी दोस्ती सहज होते, तसे हे झाले, असे त्याने लिहिले, आणि तो यान झेनचिंग यांच्या कित्त्याकडे वळला. ‘चतुर असण्यापेक्षा ओबडधोबड असावे, लाघवी असण्यापेक्षा कुरूप असावे’ हे त्याचे गाजलेले वचन याच काळजीतून आलेले आहे.

याच फू शानने नंतर जे लिहून ठेवले ते मला फार मोलाचे वाटते. तो म्हणतो, की मला झाओ अजिबात आवडत नसे, माणूस तुच्छ वाटे म्हणून त्याचे अक्षरही नकोसे वाटे. अलीकडे नीट पाहिले तेव्हा ते अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही, त्यातली लाडिकता हलकी असली तरी त्याचा ओलसर गोलावा अस्सल परंपरेतलाच आहे. माणसाविषयीचे मत आधी आणि अक्षराविषयीचे नंतर, हा क्रम त्याने स्वतःच कबूल केला, आणि नजर पुन्हा त्या कागदावर नेली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर मला कोठे मिळालेले नाही.

परीक्षांविषयी थोडे सांगून थांबतो. सोंग काळात उमेदवाराचे अक्षर ओळखून पक्षपात होऊ नये म्हणून उत्तरपत्रिका कारकुनांकडून नकलून घेत आणि परीक्षक ती नक्कल तपासत. चिंग, म्हणजे मांचू राजवटीच्या, काळात राजवाड्यातील अंतिम परीक्षेत मात्र चौकोनी, काळेभोर, एकसारखे अक्षर इतके महत्त्वाचे ठरले, की गोंग झीझेन याच्यासारखा प्रतिभावंत १८२९ मध्ये परीक्षा उतरूनही अक्षर चांगले नसल्यामुळे दरबारी विद्वानांच्या हानलिन अकादमीत जाऊ शकला नाही. त्या साच्यातल्या अक्षराला आज कोणी कला म्हणून पाहत नाही.

उत्तर : तिसरी बाजू

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. फू शानसारखी माणसे विरळा. समाज बहुधा नजर पुन्हा कागदावर नेत नाही.

सोंग काळातील चार श्रेष्ठ सुलेखकांची आडनावे ‘सू, हुआंग, मी, त्साय’ या क्रमाने घेतात. यातील शेवटचा त्साय म्हणजे त्साय श्यांग, असे आज सांगितले जाते. पण तो १०१२ साली जन्मलेला, म्हणजे चौघांत वयाने सर्वांत मोठा. मग तो शेवटी कसा? मूळचा त्साय म्हणजे त्साय जिंग, उत्तर सोंग राज्याच्या पडझडीला ज्याला जबाबदार धरतात तो बदनाम मंत्री, आणि त्याच्या दुर्लौकिकामुळे त्याच आडनावाचा सज्जन माणूस त्या जागी आणला गेला, असे अनेक अभ्यासक मानत आले आहेत. त्यांचे म्हणणे मला पटते. क्रमच तशी साक्ष देतो.

अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. जिआंगशी प्रांताचे उपराज्यपाल हू चांगचिंग यांना सुलेखनाचा नाद होता आणि नानचांग शहरात दुकानांवर, इमारतींवर त्यांच्या हस्ताक्षरातील पाट्या झळकत होत्या. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात ते सापडले आणि २००० साली त्यांना देहदंड झाला, तेव्हा त्या पाट्या उतरवण्यात आल्या. रेघा आदल्या दिवशी होत्या तशाच होत्या. पाट्या चढल्या त्या खुर्चीमुळे आणि उतरल्या त्याही खुर्ची गेल्यामुळे. दोन्ही वेळा अक्षराकडे कोणी पाहिलेच नाही.

उत्तर : कोरडा कुंचला

तिसरी बाजू यांचा मुद्दा मान्य करूनही मला वाटते, की पाटी लावणाऱ्यांचा निवाडा आणि लिहिणाऱ्यांचा निवाडा यांत फरक करावा. लिहिणारे लोक ज्या गोष्टीवर भांडतात, ती गोष्ट वेगळीच असते.

१९६५ मध्ये चिनी विद्वान कुओ मोरुओ यांनी असे प्रतिपादन केले, की लानटिंग प्रस्तावना वांग शीझी यांची नव्हेच. नानचिंगजवळ त्याच काळातील काही थडग्यांत कोरीव लेख सापडले होते आणि त्यांचे अक्षर जुन्या वळणाचे, चौकोनी, कडक होते. मग ३५३ साली इतके वाहते अक्षर कोण लिहील, असा त्यांचा सवाल होता. सुलेखक गाओ अरशी यांनी उत्तर दिले, की दगडावर कोरायचे अक्षर आणि मित्रांच्या मेळाव्यात कागदावर लिहिलेले अक्षर एकाच मापाने मोजू नये. मूळ कागद तर नाहीच. तो तांग सम्राट ताइझोंग याच्याबरोबर थडग्यात गेला असे परंपरा सांगते, आणि आपण पाहतो त्या तांग काळातील नकला. म्हणजे या कलेचा सर्वोच्च मानदंड हीच एक नक्कल आहे, तिच्या कर्त्याविषयी वाद आहे, आणि तरीही शिकणारा प्रत्येक जण ती समोर ठेवून बसतो. तिथे नाव बाजूला पडते आणि ती वीस ‘झ’ उरतात.

आजच्या ‘कुरूप लेखना’च्या वादातही हेच दिसते. चीनमध्ये काही सुलेखक प्रेक्षकांपुढे ओरडत मोठ्या झाडूएवढ्या कुंचल्याने लिहितात, कोणी पिचकारीने शाई उडवतो, आणि त्यांच्या चित्रफितींवर लोक संतापाने तुटून पडतात. समर्थक फू शानच्या वचनाचा आधार घेतात. माझ्या शिक्षिका अशा वेळी फक्त विचारत, ‘या हाताने कित्ता गिरवला आहे का?’ आणि बहुतेक वेळा रेघेच्या सुरुवातीला टोक लपले आहे की नाही, एवढे पाहून त्या उत्तर देत. ओबडधोबडपणा फू शानने निवडला होता. ज्याला सफाई येतच नाही, त्याने काही निवडलेले नसते.

अक्षरयात्री, तुम्हाला एक सुचवते. तो मसुदा मोठ्या आकारात छापून घ्या, त्यावर पातळ कागद ठेवा आणि बारीक कुंचला पाण्यात बुडवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्या रेघांवरून जा. रेघांचा क्रम आधी कोशात पाहून घ्या, कारण उलट दिशेने गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

उत्तर : अक्षरयात्री

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गेले चार दिवस रोज संध्याकाळी बसलो. पहिल्या सहा-सात ओळी बेताने जमल्या. शहर पडल्याच्या मजकुरापाशी मी सवयीने कुंचला पाण्यात बुडवायला हात उचलला, आणि तेव्हा लक्षात आले, की खालच्या छापील कागदावर रेघ कोरडी होत पुढे गेलेली आहे. त्यांनी तिथे हात उचललेला नाही. मग मीही तो उचलला नाही. कुंचल्याचे केस फाकले, कागद खरवडल्याचा बारीकसा आवाज होऊ लागला, आणि खोडलेल्या शब्दांपर्यंत पोहोचलो तेव्हा कागदावर पाण्याची खूणही उमटत नव्हती, तरी हात त्यांच्या हातामागे चालला होता.